दादर ते तीर्थन: वीतभर ट्राउटसाठी सहकुटुंब तंबू

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही हिमाचल प्रदेशातल्या तीर्थन खोऱ्यात तंबू ठोकून राहिलो, तिथल्या नदीत ट्राउट मासा फ्लायने, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याने, धरायला. चंदीगडपर्यंत रेल्वे आणि तिथून गाडी. मंडीनंतर औटच्या बोगद्यात शिरण्याआधीच बंजारचा फाटा लागतो, आणि बंजारपुढे गुशैनी.

साडेसात फुटी, तीन नंबरचा (हलक्या दोरीचा) रॉड चार तुकड्यांचा घ्यावा. त्याची नळी बर्थखाली सहज मावते. मुलांचा सराव मुंबईतच उरकावा. शिवाजी पार्कात सकाळी मोकळा कोपरा मिळतो. दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधायचा. रोल कास्ट, म्हणजे दोरी मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे उलगडणारी फेक, मात्र मैदानात जमत नाही, कारण दोरीला पाण्याची पकड लागते. आणि तीर्थनच्या काठी झाडं इतकी दाट, की मागे दोरी फेकायला जागा नसल्याने तोच कास्ट जास्त वापरला जातो.

इथला ब्राउन ट्राउट ब्रिटिशांनी आणून सोडलेला. आता तो नदीतच अंडी घालून वाढतो. वरच्या अंगाला तो वीतभरच, पण फार सावध असतो. त्याचं तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला असतं, म्हणून खालून वर सरकत जायचं, वाकून, भडक कपडे टाळून. मोठ्या दगडामागचं संथ पाणी आणि शेजारची वेगवान धार जिथे भिडतात, ती जागा आधी धरावी.

लांब फेकीचा मोह टाळावा. पंधरा-वीस फूट पुष्कळ झाले. फ्लाय पडते, पण मधल्या धारेत दोरी आधी वाहून जाते आणि फ्लायला आपल्यामागे खेचत नेते. खरा किडा असा पाणी कापत पळत नाही, त्यामुळे मासा तोंड फिरवतो. उपाय म्हणजे रॉड उंच धरून जास्तीत जास्त दोरी पाण्याबाहेर ठेवणं. लीडर (दोरीच्या टोकाला जोडलेला निमुळता धागा) साडेसात फुटी, टिपेट (त्याचं सगळ्यात बारीक टोक) ५एक्स, म्हणजे साधारण ०.१५ मिमी जाड. त्यावर १६ नंबरची एल्क हेअर कॅडिस, ही तरंगणारी फ्लाय. मासा वर येत नसेल तर तिच्या गळाच्या बाकाला दीड फूट टिपेट बांधून खाली वजनदार निंफ, म्हणजे बुडणारी फ्लाय. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाने टिपेट कमजोर होतं आणि नेमकं तिथेच तुटतं.

मे महिन्यात दुपारनंतर वरचा बर्फ वितळून पाणी चढतं, गढूळही होतं. म्हणून सकाळ साधायची. तंबूची जागाही याच हिशोबाने निवडायची. झुडपांत अडकलेला जुना पालापाचोळा पुराची रेघ दाखवतो. तंबू तिच्या बराच वर हवा. वाळूचा सपाट पट्टा कितीही मोहक दिसला तरी नाहीच. मुलांना लाइफ जॅकेट, आणि गुडघ्याच्या वर पाणी नको.

गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केला की मासा पटकन सुटतो. हात ओले करूनच धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि बुरशी लागते. वीतभर मासे आम्ही सगळे सोडून दिले. जेवायला डाळ-भात होताच, शिवाय घरून नेलेलं मेतकूट.

मत्स्य विभागाचा परवाना आधी काढावा लागतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी कॅलेंडर पाहूनच तिकिटं काढावीत: अंडी घालण्याचा काळ म्हणून १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते.