डिकलखालची चंदेरी झाक

स्पिटफायर विमानाच्या १/७२ प्रमाणातल्या मॉडेलवर रंग झकास बसतो, आणि पंखावरच्या गोल चिन्हाभोवती मात्र चंदेरी झाक उमटते. दोष डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या त्या चित्राचा, क्वचितच असतो. मॅट रंगाचा पृष्ठभाग खरखरीत; त्याच्या खळग्यांत, पारदर्शक फिल्मखाली हवा अडकते आणि तीच चमकते.

म्हणून आधी ग्लॉस वार्निशचे दोन-तीन पातळ हात द्या आणि किमान २४ तास वाळू द्या. डिकल कोमट पाण्यात १०-१५ सेकंद बुडवून बाहेर ठेवा. कागदावरून सुटायला लागलं की जागेवर सेटिंग सोल्यूशन (डिकल नीट चिकटवणारं द्रव) लावून त्यावर सरकवा, मध्यापासून कडेकडे पाणी टिपा. मग सॉफ्टनर, म्हणजे फिल्म मऊ करणारं द्रव. आता डिकल सुरकुततं, आणि इथेच भल्याभल्यांचा धीर सुटतो. हात लावू नका! फिल्म तेव्हा इतकी मऊ असते की बोट लागताच फाटते. वाळताना ती आपोआप पॅनेल लाइनमध्ये (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या खाचांत) बसते. बुडबुडा राहिलाच तर बारीक सुईने टोचून पुन्हा सॉफ्टनर. शेजारच्याची बाटली उसनी घेतलीत तर आधी उरलेल्या डिकलवर तपासा. काही डिकल्स जहाल सॉफ्टनरमध्ये चक्क विरघळतात.

वाळल्यावर गोंदाचे डाग ओल्या कापसाने पुसा, मगच मॅट कोट.