पाषाणभेदाची तीन पानं

पाषाणभेद ही औषधी वनस्पती ओळखून द्या, असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, पान आणलंय का? आमच्या बडोद्यात गांधियाणाच्या, म्हणजे जडीबुटीच्या, दुकानात मिळतात ते वाळलेल्या खोडाचे तांबूस तुकडे. पानफुटीलाही लोक पाषाणभेद म्हणतात, पण तुकडा बर्जेनियाचा, म्हणजे मी ज्याला पाषाणभेद म्हणतो त्या झाडाचा, आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली ठरवता येतं. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे गुच्छस्फटिक खच्चून भरलेले असतात. पण बर्जेनियाची जात कोणती, हे नुसत्या तुकड्यावरून मी कधीच सांगत नाही.

त्या दिवशी पीएच.डी. करणारी एक मुलगी उत्तराखंडातून आणलेली शीटं, म्हणजे कागदावर चिकटवलेले वाळलेले नमुने, घेऊन आमच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहालयात, आली. सोबत खोडांच्या कापडी पिशव्या. डोंगर चढत जावं तसं खोडातलं बर्जेनिन हे रसायन किती बदलतं, हा तिचा विषय. सगळ्या शीटांवर नाव एकच, बर्जेनिया सिलिएटा. नमुन्याची ओळख पटवून आम्ही संग्रहातला नंबर देतो, तो तिला हवा होता. "सर, फक्त नंबर द्या ना, माझ्या गाईड मॅडम थांबल्यात."

चक्रात्याचं शीट सरळ होतं. पानावरून बोट फिरवलं की दोन्ही बाजूंची लव खरखरीत लागते, तोच सिलिएटा. दुसऱ्या शीटावरचं पान गुळगुळीत, केस फक्त कडेला. हा लिग्युलाटा. काही जण त्याला सिलिएटाचंच एक रूप मानतात. मी मात्र वेगळी नोंद ठेवतो. पुढे कोणी दोन्ही एक केले तरी बिघडत नाही, पण एकदा मिसळलेले पुन्हा निवडता येत नाहीत.

अडलं ते तिसऱ्यापाशी. तुंगनाथच्या वाटेवर, साडेतीन हजार मीटरच्या आसपास, मे महिन्यात तोडलेलं. फुलं होती आणि पानं जेमतेम बोटभर. तिच्या मते ही लिग्युलाटाचीच कोवळी पानं. तिचा तर्क चुकीचा नव्हता. हे झाड फुलतं तेव्हा पानं लहानच असतात, पावसाळ्यात ती तळहाताहून मोठी होतात. म्हणून पानाच्या मापावर मी विसंबत नाही. पाच पाकळ्या, दहा पुंकेसर, दोन कुक्षिवृंत हे तर सगळ्यांतच सारखं. पूर्वी या जाती सॅक्सिफ्रागा या एकाच प्रजातीत मोडत, ते उगाच नाही.

भिंगातून कडा पाहिली. केस होतेच, पण कडेला दातेही होते. एका पानावर ठळक, दुसऱ्यावर पुसट. एवढ्यावर नाव लिहायला मन धजेना. मग एक फूल गरम पाण्यात भिजवून मऊ केलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. फुलाच्या देठावर, निदलांवर बारीक केस, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक तपकिरी गोळी. शेजारी लिग्युलाटाचं फूल ठेवलं, त्याचा देठ स्वच्छ. शंका उरली नाही. तिसरं झाड बर्जेनिया स्ट्रेची, उंचावर वाढणारी जात.

तिला म्हटलं, "तूच बघ." ती बराच वेळ डोळा लावून होती. मग म्हणाली, "म्हणजे वर गेल्यावर आकडा बदलला तो उंचीमुळे, की झाडच दुसरं म्हणून?"

नेमकं हेच. तिच्या मॅडमनी फोनवर विचारलं, बर्जेनिन तर तिन्हींत असतं ना? असतं. पण प्रश्न किती असतं हा आहे, आणि तुलना करायची तर जात एकच हवी. नाहीतर जातीतला फरक उंचीच्या नावावर जमा होतो आणि तसाच छापला जातो. मी एका नावावर नंबर द्यायला नकार दिला. तीन जाती, तीन नंबर.

वरच्या पट्ट्यातल्या एका पिशवीत दोन जातींची खोडं एकत्र भरली होती. तिच्यातून काढलेल्या अर्काचे आकडे तिने स्वतःच वहीतून बाजूला काढले. मला तिचं कौतुक वाटलं, कारण महिन्यांची मेहनत होती त्यात. आता तुलना फक्त लिग्युलाटापुरती, पण वेगवेगळ्या उंचीवरची. आणि प्रत्येक खोडासोबत त्याच झाडाचं फूल आणि पान, एकाच क्रमांकाच्या चिठ्ठीखाली.