वकिलाच्या आधी व्यापारी: चोपडा ते बऱ्हाणपूर

दोन देशांच्या मैत्रीला पंचवीस-तीस वर्षं झाली की दिल्लीत समारंभ होतात, भाषणं होतात, वकिलाती जेवणावळी घालतात. खानदेशातल्या चोपडा–बऱ्हाणपूर रस्त्याला तिथे कोण बोलावतंय? माझ्या मते अशा पंगतीत पहिलं पान या रस्त्याचं वाढायला हवं.

पूर्वेला निघालं की डाव्या हाताला सातपुडा, उजवीकडे लांबवर तापी आणि मध्ये नजर पोचेल तिथवर केळी. यावल, फैजपूर, सावदा, रावेर. इंग्लंडच्या राजाचा वकील, म्हणजे राजदूत, सर टॉमस रो नोव्हेंबर 1615 मध्ये सुरतेहून याच मुलखातून बऱ्हाणपूरला गेला. पण ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी त्याच्या आधीच सुरतेत वखार टाकून बसले होते. आधी गाठोडी आली, खलिता मागाहून.

इस्राईलचंही तेच. भारताने मान्यता दिली 1950 मध्ये, पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते जानेवारी 1992 मध्ये. इस्राईलमधल्या हात्झेरीम किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वस्तीत, 1965 साली ठिबकचा कारखाना निघाला आणि जळगावात ठिबकच्या नळ्या आल्या त्या दूतावास उघडण्याआधीच, 1980च्या दशकाअखेर. पुढे जळगावच्या जैन इरिगेशनने नानदान या इस्राईली कंपनीत 2007 साली निम्मी भागीदारी घेतली आणि 2012 मध्ये ती पूर्ण विकत घेतली. भारताचे पंतप्रधान पहिल्यांदा इस्राईलला गेले 2017 मध्ये. जळगावकर तोवर तिथे घरचे झाले होते.

सावद्याजवळ एका बागेत कापणी चालू होती, म्हणून थांबलो. घड खाली टेकू न देता उचलायचा, फण्या सोडवायच्या, पाण्यात धुवायच्या, वाळवून तेरा किलोच्या खोक्यात भरायच्या. एक डाग दिसला की ती फणी बाजूला. "हा माल कुठे जाणार?" मी विचारलं. "इराण, दुबई, जिकडची गाडी लागंल तिकडं," बागवाले काका म्हणाले. "पण बोर्डाचा भाव काय निघतो, ते आधी सांगा भो." परराष्ट्र धोरण इथे रोज सकाळी केळीच्या भावाच्या बोर्डावर लागतं.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची ही राजधानी. रो आला तेव्हा जहांगीरचा मुलगा परवेझ इथे सुभ्याचा कारभार बघत होता. दरबारात जमिनीला डोकं टेकव, असं सांगितल्यावर रोने साफ नकार दिला. मी नोकर म्हणून आलेलो नाही, म्हणाला. मग वर शाहजाद्याजवळ येऊन उभं राहू द्या, म्हणाला. इराणचा शहा आला तरी ते जमणार नाही, असं उत्तर आलं. बसायला खुर्ची मागितली, तर तीही नाही. फार तर खांबाला टेकून उभं राहा! रोने शाहजाद्याला मद्याच्या बाटल्यांची पेटी भेट दिली होती. पुढची खासगी भेट राहून गेली, कारण शाहजादे त्यातच गुंग झाले. शाही किल्ल्यात तापीकडच्या कठड्याशी उभं राहून मला हसू आवरेना. वखारीची परवानगी मात्र रोने पदरात पाडून घेतली होती.

फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये पुढे इथून गेला. इथलं तलम, पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलंय. त्या यादीतला इराण सावद्याच्या खोक्यांवर अजून आहे.

सगळंच काही गोडीगुलाबीचं नव्हतं. धरणगावात इंग्रजांनी 1674 मध्ये वखार काढली आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने ती लुटली. मैत्रीच्या समारंभात हेही सांगावं, जेवण बेचव होणार नाही.

जायचं असेल तर थंडीत जा. फैजपूर-यावलकडे तेव्हा भरिताच्या वांग्यांचा हंगाम असतो आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मिळते. बऱ्हाणपुरात मावा जिलबी गरमच खावी, बांधून आणली की तिची मजा जाते.