लाक द ग्रा: हिऱ्याच्या मागावर उलट पावली

लाक द ग्रा हे तळं कॅनडातल्या यलोनाइफ शहराहून ईशान्येला सुमारे ३०० किलोमीटर. जमिनीवरून रस्ता नाहीच. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरून ट्रक जातात, तेही जेमतेम दोन महिने. आम्ही ऑगस्टमध्ये पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने गेलो. झाड औषधालाही नाही, काळ्या माश्या मात्र मोप. तोंडावर जाळी हवीच.

इथे मातीत हिरा कोणी शोधत नाही. तो ज्या किंबर्लाइट खडकात असतो, त्याची सोबतीण खनिजं शोधायची: जांभळट पायरोप गार्नेट, पाचूसारखं क्रोम डायोप्साइड, काळं इल्मेनाइट. हिमयुगातल्या बर्फाने किंबर्लाइट खरवडून त्याचा चुरा पुढे फरपटत नेला. आपण त्या मागावर उलटं चालायचं. चार्ल्स फिप्के आणि स्टुअर्ट ब्लुसन या भूवैज्ञानिकांनी कित्येक वर्षं हेच केलं. १९९१ मध्ये पॉइंट लेकखाली किंबर्लाइट लागला आणि १९९८ मध्ये एकाटी ही हिऱ्यांची खाण सुरू झाली.

खोदायचं कुठे, हे दिसायला सोपं आहे. गवता-शेवाळात मध्येच उघड्या चिखलाचे गोल चट्टे असतात. गोठण्या-वितळण्याने खालची हिमोढाची, म्हणजे बर्फाने आणून टाकलेली, माती तिथे वर ढकलली जाते, म्हणून कमी खणून ताजा नमुना मिळतो. मोठे दगड काढून १० ते २० किलो माती पिशवीत भरायची. नंबराची एक चिठ्ठी आत, एक बाहेर, कारण ओल्या पिशवीवरची शाई पुसते. एस्करची, म्हणजे बर्फाखालच्या प्रवाहांनी रचलेल्या लांबट टेकाडांची, वाळू भरायला सोपी, पण ती पाण्याने लांबून आणलेली. मुलूख चाचपायला ठीक, नेमकी जागा सांगायला नाही. नमुन्यात बाहेरचे कण मिसळू नयेत म्हणून फावडं रंग दिलेलं नको, आणि बोटातली अंगठी तंबूतच ठेवावी.

खरी फसगत दिशेची. बर्फ इथे आधी नैऋत्येला, मग पश्चिमेला आणि शेवटी वायव्येला सरकला. कातळावर पाणी ओतून तिरप्या उन्हात पाहिलं की ओरखडे उठून दिसतात. जुने ओरखडे खडकाच्या आडोशाच्या बाजूला टिकलेले असतात. फक्त ताजे पाहून चाललात तर हमखास भलतीकडे पोचाल.

पुढे प्रयोगशाळेत चाळून, जड द्रवात बुडवून उरलेले पाव-अर्धा मिलिमीटरचे कण सूक्ष्मदर्शकाखाली एकेक निवडतात. गार्नेटवर केलिफाइटची मळकट साल शाबूत असेल, तर मूळ खडक जवळच आहे. घासत लांब आलेल्या कणावर ती राहत नाही.

आणि माग बहुधा तळ्याच्या काठाशीच संपतो. किंबर्लाइट भोवतीच्या ग्रॅनाइटपेक्षा मऊ. बर्फाने तोच जास्त कोरला, खड्ड्यात पाणी साचलं. ड्रिलची गाडी तिथे नेण्याआधी तळं पुरेसं जाड गोठावं लागतं.