रात्रीच्या साडेआठचा प्रश्न: घरी जेवण बनवायला लागलो त्याचा माझा अनुभव

आमच्या ओट्याखाली एक ड्रॉवर आहे, त्यात चमचे ठेवायचे असं फ्लॅट घेताना ठरलं होतं, पण भरलेलं काय तर केचपच्या पुड्या, ओरेगॅनो, चिली फ्लेक्स, शेजवान चटणीच्या चिमुकल्या डब्या आणि प्लास्टिकचे काटे-चमचे. जानेवारीत आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वाईहून आली होती. चहाची गाळणी शोधताना तिने तो ड्रॉवर उघडला, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्या डोळ्याने दोन मिनिटं निरखून बघितलं आणि म्हणाली, "गाडी लावायचा विचार आहे का रे?" बास. आठ दिवसांत त्या विषयावर एवढंच बोलली, पण मला ते लागलं.

आमची परिस्थिती सांगतो. मी हिंजवडीला, बायको खराडीला, म्हणजे पुण्याची दोन टोकं, आणि राहायला कर्वेनगर. चांदणी चौकातून रखडत घरी पोचेपर्यंत आठ-सव्वाआठ होतात, मुलगी दुसरीत आहे, तिला तोपर्यंत भूक लागून चिडचिड सुरू झालेली असते. साडेआठला फ्रीज उघडायचा, बघायचं, बंद करायचा, परत उघडायचा (जसं काही मधल्या वेळात आत कोणी भाजी चिरून ठेवलीये) आणि मग मोबाईल हातात घ्यायचा. नाहीतर झटपट नूडल्स, फ्रोझन पराठे, तो गरम पाणी ओतायचा उपमा. फेब्रुवारीत एकदा हिशोब काढला तर महिन्यात २३ ऑर्डरी निघाल्या आणि जवळपास दहा हजार रुपये. पैशापेक्षा २३ आकडा बघून कसंतरी झालं.

त्याच आठवड्यात मुलगी नूडल्सचं पाकीट मोठ्याने वाचत होती, सध्या दिसेल ते वाचायचं वेड आहे. मैदा, पाम तेल, मीठ, असं चाललेलं. आपल्याकडे पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असा नियम आहे, म्हणजे जे सगळ्यात जास्त ते पहिलं. हे मला माहीत होतं, पण स्वतःच्या पोरीच्या तोंडून "बाबा, पाम तेल म्हणजे काय?" ऐकल्यावर वेगळं वाटतं. बायकोने मग मला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची आहाराची मार्गदर्शक तत्त्वं पाठवली, एकूण सतरा आहेत. दिवसाला मीठ जास्तीत जास्त पाच ग्रॅम म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, फरसाण सगळं धरायचं. पुण्यात राहून फरसाण धरायचं म्हणजे हिशोब तिथेच संपला.

तर मार्चपासून घरी करायचं ठरलं आणि बायकोची शिफ्ट उशिराची असल्यामुळे रात्रीचं माझ्याकडे आलं. मला तेव्हा चहा, ऑम्लेट आणि कुकर लावणं एवढंच येत होतं. कुकर लावणं पण येत नव्हतं हे नंतर कळलं.

सुरुवात अर्थातच दणक्यात. पहिल्या रविवारी तुळशीबागेतून लोखंडी कढई घेतली आणि तिथून चालत मंडईत. १८८६ सालची ती दगडी इमारत कॉलेजपासून बाहेरूनच बघितलेली, पिशवी घेऊन आत पहिल्यांदा गेलो. मेथी, पालक, गवार, दोडका, काटेरी वांगी, कोथिंबिरीच्या तीन जुड्या, स्वस्त दिसलं की घेतलं. बुधवारपर्यंत मेथी पिवळी, कोथिंबीर तळाशी काळी पडलेली, आणि गवार निवडायला सव्वानऊपर्यंत बसलो तेव्हा मुलगी दूध-बिस्किट खाऊन झोपली. गुरुवारी परत ऑर्डर मारली. खरं सांगायचं तर तो पिझ्झा फार छान लागला.

दुसरी फजिती आमटीची. मला वाटलं कशाला दोनदा गॅस पेटवायचा, तुरीच्या डाळीतच चिंचेचा कोळ आणि गूळ घालून कुकरला लावू. चार शिट्ट्या, सहा शिट्ट्या, आठ शिट्ट्या, डाळ आपली दाताखाली कचकच. आईला फोन केला तर हसतच सुटली. "अरे आंबट आधी घातलंस की डाळ आडमुठी होते, आधी नुसती शिजव, हळद-हिंग घाल, थेंबभर तेल घाल, चिंच मग." हे अगदी खरं आहे, आंबटात डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते, बटाट्याचं पण तेच होतं. तेव्हापासून खाली डाळ, वर तांदूळ, तीन शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पाच मिनिटं आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. मी नळाखाली कुकर धरून वाफ घालवायचो, डाळ अर्धवट राहण्याचं ते पण एक कारण होतं.

पण एवढं सगळं शिकूनही साडेआठचा प्रश्न काही सुटत नव्हता. कारण करता येणं आणि आज काय करायचं हे ठरवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दमून आल्यावर दुसरी जास्त जड जाते. हे मला मटकीने शिकवलं. मटकीची उसळ मंगळवारी रात्री हवी असेल तर रविवारी रात्री भिजत घालायची, सोमवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची, मंगळवारी सकाळी मोड आलेले असतात. एकदा मोड आले की मग विचार करायचा प्रश्नच नाही, ती खायलाच लागते, नाहीतर वास यायला लागतो. म्हणजे मी ठरवायचं काम मटकीवर ढकललं. आता रविवारी मटकी, मंगळवारी छोले नाहीतर राजमा भिजत पडतो. राजमा मात्र भिजवलेलं पाणी फेकून चांगला गळून जाईपर्यंत शिजवायचा, कच्चट राजम्याने उलट्या-जुलाब होतात, तिथे घाई नाही करायची.

आणि काहीच भिजवलेलं नसेल तर पिठलं. कांदा चिरण्यापासून पंधरा मिनिटं. बेसन आधी गार पाण्यात कालवून घेतलं की गुठळ्या होत नाहीत, फोडणीत लसूण सढळ हाताने. पिठलं-भात झाला की ऑर्डर यायच्या आत आमचं जेवून होतं, हे मी घड्याळ लावून बघितलंय.

पोळ्या मात्र मी करत नाही. तीन आठवडे प्रयत्न केला, कणीक एकदा सैल एकदा घट्ट, ओटाभर पीठ, दहा पोळ्यांना पाऊण तास आणि शेवटी माझा मूड इतका जायचा की जेवताना कोणी बोलायचं नाही. मग खालच्या काकूंनीच जिन्यात सांगितलं, "अहो, पोळ्या आणा की केंद्रातून, भाजी-आमटी घरची झाली ना, पुरे." आता येताना कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आठ पोळ्या घेतो. काही मित्र म्हणतात हे चीटिंग आहे. त्यांच्या घरी पोळ्या कोण करतं ते मी विचारत नाही.

मे महिन्यात एकदा चांगलाच झटका बसला. रात्रीचा भात ओट्यावरच राहिला, सकाळी त्याचा मस्त फोडणीचा भात केला आणि दुपारी मी आणि मुलगी दोघंही आडवे. मला वाटत होतं परत कढईत चांगला परतला की सगळं मरतं. डॉक्टरांनी सांगितलं की भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही टिकतात, भात बाहेर राहिला की वाढून विष तयार करतात आणि ते परत गरम करूनही जात नाही. आता उरलेला भात पसरट डब्यात काढून तासाभरात फ्रीजमध्ये. फोडणीचा भात अजूनही करतो, तो सोडणं शक्य नाही.

आता ऑगस्ट चालू आहे. जुलैत सात ऑर्डरी झाल्या, शुक्रवार आम्ही उघडपणे बाहेरच्या खाण्यालाच दिलाय. सिलिंडर मात्र पूर्वीसारखा पुरत नाही, संपत आला हे कळायला पहिल्यांदा मी चुकलो आणि आमटी अर्ध्यात राहिली.

सध्या भाकरीच्या मागे लागलोय. ज्वारीचं पीठ आणलं, गरम पाण्यात मळलं, थापायला घेतली की कडेने चिरा. चार भाकऱ्या मोडल्यावर आईला व्हिडिओ कॉल लावला. आता तिला दोन्ही डोळ्यांनी व्यवस्थित दिसतं, त्यामुळे काही लपत नाही. "पिठाला विरीच नाही रे त्या. दळून किती दिवस झाले विचारलंस का दुकानात?" विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. आणि नव्हतं विचारलं. मग ज्वारी दोन किलो आणून ठेवलीये, शनिवारी गिरणीत जायचंय, फक्त गिरणीवाल्याने सांगितलंय की सकाळी दहाच्या आत या, नंतर तो गव्हाचं दळण लावतो.