पस्तीस आले कुठून?

सोमवार

'अध्यापन व्यवसायाची ओळख' हा दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह यंदा आमच्या कॉलेजात सुरू झाला आणि माझ्याकडे आला. दोन क्रेडिट म्हणजे तीस तास. कला, विज्ञान, वाणिज्य, कोणत्याही शाखेच्या मुलाला तो घेता येतो. मला तो मनापासून हवा होता. बारावीनंतर दुसरं काही जमलं नाही तर डी.एड., पदवीनंतर काही जमलं नाही तर बी.एड., अशी आपल्याकडे वर्षानुवर्षं वाट पडली आहे. त्या वाटेवर पोरांना मध्येच कुणी थांबवून विचारत नाही की बाबा रे, तुला हे खरंच करायचं आहे का? हा विषय मुळात त्या प्रश्नासाठी आहे, असं मी धरून चालले आहे.

पहिल्या तासाला मी सगळ्यांकडून कारणं लिहून घेतली होती. आज तो गठ्ठा पुन्हा काढून वाचला. 'लहान मुलं आवडतात.' 'आमच्या गावच्या सरांसारखं व्हायचं आहे.' 'घरचे म्हणतात मुलीसाठी बरी नोकरी आहे.' 'सुट्ट्या असतात.' एकाने लिहिलंय, 'माझं वक्तृत्व चांगलं आहे.' सगळी कारणं प्रामाणिक आहेत. पण त्यातल्या एकाही कागदावर शिकणारं मूल नाही, आहे ते शिकवणाऱ्याचं आयुष्य. त्यात पोरांचा दोष नाही. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७५ साली हे नेमकं मांडलं होतं. शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे तेरा हजार तास शिक्षकांना काम करताना बघतो, त्यामुळे हे काम आपल्याला कळलं आहे असं त्याला वाटतं. पण ते सगळं बाकावरून बघितलेलं असतं. आदल्या रात्रीचं टाचण त्याला दिसत नाही, आणि फळ्याकडे पाठ असताना गुरुजींच्या डोक्यात काय चाललंय तेही दिसत नाही. वकील किंवा सर्जन होऊ पाहणाऱ्याला आपल्याला काही माहीत नाही याची निदान जाणीव असते. आमच्या पोरांपाशी तेरा हजार तासांची खात्री असते, आणि तीस तासांत ती थोडी हलवायची असते.

मंगळवार

आज कोठारी आयोग घ्यायचा होता, देशाच्या शिक्षणाचा आढावा घेणारा, १९६४ ते ६६. भारताचं भवितव्य त्याच्या वर्गखोल्यांत घडतं आहे, हे त्या अहवालाचं वाक्य पोरं परीक्षेत हमखास लिहितात. पण निम्मी पोरं उशिरा आली. हिवाळी अधिवेशन चालू आहे, रस्ते वळवलेले, टेकडी रोडवर आणि मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला मोर्चे अडवलेले. उशिरा आलेला एक मुलगा दारातूनच म्हणाला, "मॅडम, ते सारे मास्तरच आहेत जी! त्यायले पगार काहून नाही भेटत?"

कोठारी आयोग पुढे ढकलला. नागपूरच्या पोरांसमोर दर डिसेंबरला हा धडा आपण होऊन रस्त्यावर येतो, तो सोडून पुस्तक उघडणं मला पटलं नाही. अनुदानित, अंशतः अनुदानित आणि विनाअनुदानित म्हणजे काय, वीस, चाळीस, साठ टक्के असे पगारासाठीच्या सरकारी अनुदानाचे टप्पे कसे येतात, आणि ते येईपर्यंत शिक्षकाचं घर संस्थेच्या मर्जीवर कसं चालतं, सगळं सांगितलं. मग फळ्यावर पुढची वाट मांडली. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एल.एड., ज्याला आपण अजून डी.एड.च म्हणतो. वरच्या वर्गांना पदवी आणि बी.एड. बी.एड. असलं की खालचे वर्गही चालतात, असं वर्गात बहुतेकांना वाटत होतं. तसं नाही, ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हवीच, १५० गुणांची, खुल्या प्रवर्गाला त्यात ९० मिळवावे लागतात. त्याच न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालानंतर तर निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही ती द्यावी लागणार. मग २०० गुणांची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल. आणि निवड झाली की तीन वर्षं शिक्षण सेवक. १ जानेवारी २०२३ पासून त्याचं मानधन पहिली ते आठवीला १६,००० रुपये, नववी-दहावीला १८,०००, अकरावी-बारावीला २०,०००. त्याआधी ते ६,०००, ८,००० आणि ९,००० होतं.

वर्ग गप्प झाला. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचं म्हणणं, इतकं सांगू नये, पोरं घाबरतात. मला उलट वाटतं. आकडे लपवून शिक्षक तयार करायचे असतील तर तो त्या पोरांवर आणि पुढे त्यांच्या हाती येणाऱ्या लेकरांवर अन्याय आहे. शिवाय आजच्या दोन तासांत कुणीही उठून गेलं नाही. एका मुलीने चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाबद्दल विचारलं. नव्या शैक्षणिक धोरणात तो आहे, बारावीनंतर थेट घेता येतो, पदवी आणि बी.एड. मिळून जी पाच वर्षं लागतात त्यातलं एक वाचतं. ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या कामाचा तो नाही, पण धाकट्या बहिणीसाठी तिने लिहून घेतला.

गुरुवार

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांच्या छोट्या पाठाचा सराव. बी.एड.ला याचं छत्तीस मिनिटांचं चक्र शिकवतात, सहा मिनिटं पाठ, सहा मिनिटं प्रतिपुष्टी (फीडबॅक), बारा मिनिटं पुन्हा तयारी, मग तोच पाठ पुन्हा आणि पुन्हा प्रतिपुष्टी. माझा वर्ग बी.एड.चा नाही, त्याची छोटी आवृत्तीही मला करायची नाही. पण सहा मिनिटं फळ्यापाशी उभं राहिल्याशिवाय काही कळत नाही, म्हणून एवढं ठेवलं आहे.

केमिस्ट्रीच्या मुलाने आम्ल-आम्लारी घेतलं. घरून हळदीत बुडवून वाळवलेले कागद आणले होते. साबणाचं पाणी लावलं की लाल होतात. तयारी छान, आवाज छान. प्रश्न विचारला, "कागद लाल काहून झाला?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं. पुढचे सगळे प्रश्न तसेच. मी शेवटच्या बाकावर मोबाईलचं घड्याळ लावून बसले होते. प्रश्न आणि उत्तर यांत जेमतेम एक सेकंद. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला सत्तरच्या दशकात हेच दिसलं होतं, शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब होतात, गप्प राहणारी मुलंही बोलायला लागतात.

दुसऱ्यांदा घेताना त्याला सांगितलं, प्रश्न विचारून मनात तीन मोज. तो उभा राहिला. दुसऱ्या सेकंदाला त्याचा हात खडूकडे गेला, परत आला. तिसरा सेकंद त्याला फार जड गेला, चेहऱ्यावर दिसत होतं. आणि मग कोपऱ्यातल्या, आतापर्यंत वर्गात एकदाही न बोललेल्या मुलीने विचारलं, "लिंबू लावलं तर परत पिवळा होईल का?" लिंबू कुणाकडे नव्हतं. तो कँटीनमधून घेऊन आला. झाला पिवळा.

शुक्रवार

आजचा दिवस जरा सविस्तर लिहायचा आहे.

कॉलेजपासून चालत जाण्याजोग्या अंतरावर महानगरपालिकेची एक मराठी शाळा आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला चौथीच्या वर्गात बसू दिलं. वर्गावर एकच निरीक्षक बसवायचा नाही, प्रत्येक विद्यार्थ्याने एका लेकराशेजारी बसायचं, असं मी आधीच ठरवलं होतं. वहीत दोन रकाने, 'काय दिसलं' आणि 'मला काय वाटलं'. हे दोन रकाने वेगळे ठेवणं पोरांना सगळ्यात कठीण जातं. एकाने पहिल्या रकान्यात लिहिलं, 'मुलगा आळशी आहे.' म्हटलं, आळशीपणा तुला दिसला कुठे? मग त्याने खोडून लिहिलं, 'डोकं बाकावर ठेवलं आहे, डोळे मिटतात.' मधल्या सुट्टीत त्याने त्या पोराशी गप्पा मारल्या. तो पहाटेच बाबांसोबत कॉटन मार्केटला भाजी आणायला जाऊन शाळेत आला होता. रकान्यात हे लिहिताना माझा विद्यार्थी बराच वेळ पेन धरून बसला.

पण मला सांगायचं आहे ते हिंगण्याहून मेट्रोने येणाऱ्या मुलीबद्दल. गणिताची विद्यार्थिनी, हुशार, बोलायला कमी. तिच्या शेजारचा मुलगा हातच्याची वजाबाकी करत होता. पाटीवर ५२ मधून २७, उत्तर ३५. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मॅडम, याला वजाबाकी येत नाही." मी विचारलं, "मग पस्तीस आले कुठून? अंदाजे ठोकले का त्याने?" तिने पाटीकडे पुन्हा बघितलं आणि परत जाऊन बसली.

मी मागे उभी राहून ऐकत होते. तिने त्याला चूक आहे म्हटलंच नाही. म्हणाली, "मला सांग ना, कसं केलंस." त्याने पूर्ण आत्मविश्वासाने सांगितलं, "सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन. पस्तीस." तिने विचारलं, "सात तर खाली आहेत, वरच्या दोनातून काढायचे ना?" तो म्हणाला, "दोनातून सात जातेत का कुठी? मोठ्यातूनच काढा लागते."

तिथे तिचा चेहरा बदलला. तिने पाटीवर ६८ वजा २५ लिहिलं. त्याने ४३ काढलं, बरोबर. मग तिने ४० वजा १६ लिहिलं, आणि पाटी त्याच्याकडे देण्याआधी स्वतःच्या वहीच्या कोपऱ्यात काहीतरी लिहून हाताने झाकलं. मुलाने उत्तर लिहिलं, ३६. तिने हात काढला. खाली ३६ च लिहिलेलं होतं. तिने माझ्याकडे वळून बघितलं ते कधी विसरणार नाही. लेकराच्या डोक्यातली पद्धत तिला सापडली होती. ती पद्धत नियमाने चालत होती, फक्त नियम चुकीचा होता. आणि तो नियमही हवेतून आलेला नव्हता. पहिली-दुसरीत आपणच त्याला सांगत असतो, लहानातून मोठा जात नाही.

पुढचं काम सोपं नव्हतं. तिने 'वरून एक दशक उसना घे' असं सांगून पाहिलं, तो मान हलवायचा आणि पुन्हा तेच करायचा. मग बाईंच्या कपाटातून रबर लावलेले काड्यांचे गठ्ठे आले. पाच गठ्ठे, दोन सुट्या. "यातल्या सात मला दे," ती म्हणाली. त्याने दोन सुट्या दिल्या आणि अडला. गठ्ठ्यांकडे बघत राहिला. ती बोलली नाही. कालचे तीन सेकंद ती चांगलीच लांबवत होती. शेवटी त्याने विचारलं, "एक सोडू का?" रबर काढला, दहा काड्या सतरंजीवर पांगल्या, त्यातल्या पाच त्याने दिल्या. मग आणखी दोन गठ्ठे. उरलेल्या काड्या दोनदा मोजल्या. पंचवीस. पाटीवरचे पस्तीस त्याने स्वतःच पुसले.

लगेच सगळं जमलं असं नाही. पुढच्या एका गणितात तो पुन्हा जुन्या वळणावर गेला, तेव्हा तिने फक्त गठ्ठा पुढे सरकवला.

आल्यापासून डोक्यात तेच आहे. शिक्षक व्हावं की नाही हे ठरवायला मुलं आवडतात का, बोलता येतं का, नोकरी टिकाऊ आहे का, हे प्रश्न विचारायला हरकत नाही. पण त्याआधीचा प्रश्न हा आहे की चुकलेलं उत्तर समोर आल्यावर तुझ्या मनात काय येतं? राग, कीव, की 'हे आलं कुठून' ही ओढ? ही ओढ ज्याला आहे त्याला बाकीचं शिकवता येतं, टाचण, फलकलेखन, प्रश्न विचारणं, सगळं. आणि ती आहे की नाही हे पुस्तक वाचून कळत नाही. ते एका लेकराशेजारी बसल्यावरच कळतं.

रविवार

पोरांनी लिहून दिलेली मनोगतं वाचून झाली. केमिस्ट्रीचा मुलगा बी.एड.ची सीईटी देणार. आणखी काहीजण अजून विचार करताहेत. वाणिज्यच्या एका मुलीने लिहिलंय की तिला शिक्षक व्हायचं नाही. तिला त्या दिवशी शेजारी बसलेलं मूल आवडलं, पण त्याच्यासारखीच चाळीस मुलं एकाच वेळी डोक्यात ठेवायची या कल्पनेनेच तिची झोप उडाली, आणि घरच्यांना हे कसं सांगावं ते तिला आता कळलं आहे. तिने विचार नीट मांडला आहे. तिला मी वर्गातले सर्वात जास्त गुण दिले आहेत, आणि आई-वडील भेटायला आले तर त्यांच्याशी मी बोलेन.

हिंगण्याच्या मुलीने आपल्या निर्णयाबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. तिने दोन पानं त्या मुलाबद्दल लिहिली आहेत, आणि शेवटी विचारलंय की ३०२ मधून १४७ काढताना मधल्या शून्यापाशी तो काय करेल, ते बघायला पुन्हा जाता येईल का.

उद्या मुख्याध्यापिकाबाईंना पत्र द्यायचं आहे. पुढच्या सत्रात प्रत्येकाला दर आठवड्याला त्याच एका मुलाशेजारी बसू द्यावं, अशी विनंती करणार. त्यासाठी तीस तासांतले दहा काढावे लागतील. आयोगांचा आणि समित्यांचा भाग कमी करून ते निघतात, विभागाला तसं लेखी कळवते.