पिल्लाची वही

घरात कुत्र्याचं नवीन पिल्लू येणार असलं की पट्टा, भांडी, खेळणी यांच्याआधी एक साधी वही आणावी, असं माझं ठाम मत आहे. वही दारापाशी टांगायची, पेन दोरीने तिलाच बांधायचं. कधी उठलं, कधी खाल्लं, किती वेळ खेळलं, शू कुठे केली, शी कुठे केली. घरातल्या ज्याला दिसेल त्याने लिहायचं. ‘हे मुद्दाम करतं’, ‘हट्टीच आहे’ असं लोक म्हणतात तेव्हा मला त्या पिल्लाची बाजू घ्यावीशी वाटते, आणि त्याची बाजू मांडायला या वहीइतकं चांगलं साधन नाही. म्हणून आज ती वाचायची कशी हे सविस्तर लिहून ठेवायचं आहे.

दोन महिन्यांच्या पिल्लाचं पान साधारण असं दिसतं. ६.०५ उठलं, बाहेर शू. ६.३० खाणं. ६.४५ बाहेर शी. ७.०० खेळ. ७.२० सोफ्यामागे शू. ७.३० झोपलं. ८.४० उठलं. ८.४२ पायपुसण्यावर शू.

घरात दोनदा झालं, पण दोन्हींचं कारण वेगळं. ७.२०ची शू खेळातली. पळापळीत पिल्लाला लवकर शू लागते आणि खेळ रंगलेला असला की ती लागल्याचं त्याचं त्यालाच अगदी शेवटी कळतं. म्हणजे सलग वीस मिनिटं खेळू द्यायला नको होतं. दहा मिनिटांनी खेळ थांबवून एकदा बाहेर न्यायला हवं होतं. ८.४२ची शू झोपेनंतरची. डोळे उघडल्यावर जेमतेम एक-दोन मिनिटं हातात असतात, त्यामुळे चालत दारापर्यंत जाण्याची वाट न बघता पिल्लाला उचलूनच बाहेर न्यावं. खाल्ल्यानंतरची शी बहुधा पाच ते तीस मिनिटांत येते, कारण पोटात अन्न गेलं की आतडी हलायला लागतात. प्रत्येक पिल्लाची वेळ थोडी वेगळी असते, आणि तीन-चार दिवसांची पानं एकाखाली एक वाचली की ती वेळ सापडते.

त्या पानावरची जागाही बघण्यासारखी आहे. पायपुसणं मऊ असतं, ओल शोषून घेतं. अगदी लहानपणी पायाखाली जे असताना शी-शूची सवय लागते, तसंच पायाखाली लागलं की पिल्लू तिथे बसतं. शू शोषून घेणाऱ्या पॅडवर शिकलेलं पिल्लू गालिचा, चटई, खाली पडलेला टॉवेल सोडत नाही ते यामुळेच. शक्य असेल तर सरळ बाहेरच शिकवावं. लसी पूर्ण व्हायच्या आहेत म्हणून किंवा वरच्या मजल्यावर राहता म्हणून ते जमत नसेल, तर एका ट्रेमध्ये माती किंवा हिरवळीचा तुकडा ठेवावा. पुढे बाहेरच्या जमिनीवर जाणं सोपं होतं. लसींचा शेवटचा डोस साधारण १६ आठवड्यांच्या वयाला किंवा त्यानंतर असतो. तोवर इतर कुत्र्यांची ये-जा असलेल्या जमिनीवर पिल्लाला सोडू नये, कारण पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. कडेवर घेऊन मात्र रोज बाहेर हिंडवावं. तीन ते चौदा आठवडे हा जगाची ओळख होण्याचा काळ असतो आणि तो पुन्हा मिळत नाही.

‘किती तास धरून ठेवेल?’ याचा ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, तेवढे तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. पण ही झाली शांत पडलेलं असतानाची कमाल मर्यादा. जागं आणि खेळतं पिल्लू असेल तर पाऊण ते एक तासात बाहेर न्यायलाच हवं. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान ताबा बराच पक्का होतो, छोट्या जातींना बहुधा जास्त वेळ लागतो.

आता बाहेर गेल्यावर काय करायचं, कारण सर्वांत जास्त चुका इथे होतात. पट्टा लावून, रोज त्याच जागी नेऊन, आपण झाडासारखं उभं राहायचं. बोलायचं नाही, चालायचं नाही. पिल्लू वास घेत गोल फिरायला लागेल, मागचे पाय जवळ येतील, पाठ किंचित वाकेल. शू सुरू झाली की हळू आवाजात एक ठरलेला शब्द म्हणायचा, रोज तोच, घरातल्या सगळ्यांनी तोच. संपली की दोन सेकंदांच्या आत, तिथेच उभ्या उभ्या खाऊ द्यायचा. खाऊ स्वयंपाकघरात असेल आणि आत येऊन दिला, तर पिल्लू इतकंच शिकतं की घरात आलं की खाऊ मिळतो. खाऊ खिशात किंवा दाराबाहेरच्या डब्यात हवा. खाऊनंतर पाच मिनिटं बाहेरच खेळायचं. शू झाल्या झाल्या आत आणलं तर हुशार पिल्लू लगेच ताडतं की शू केली की मजा संपते, आणि मग ते बाहेर रोखून धरतं. ‘अर्धा तास फिरवलं, काही केलं नाही, घरात पाऊल टाकलं आणि केली’ ही तक्रार बहुतेक वेळा अशीच तयार होते. पाच मिनिटांत काही झालं नाही तर आत आणून मोकळं सोडायचं नाही. दहा-पंधरा मिनिटं मांडीवर, क्रेटमध्ये (म्हणजे त्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात) किंवा आपल्या कमरेला पट्टा बांधून जवळ ठेवायचं आणि पुन्हा त्याच जागी न्यायचं.

घरात करताना डोळ्यांसमोर दिसलं तर हलक्या आवाजात ‘चल चल’ म्हणत उचलून बाहेर न्यायचं, उरलेली बाहेर झाली तरी शाबासकी. नंतर नुसतं डबकं सापडलं तर पिल्लाला काहीही म्हणायचं नाही, फक्त पुसायचं आणि वहीत लिहायचं. तोंड शूमध्ये घासण्याचा सल्ला अजून दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. पिल्लू त्यातून शिकतं ते एवढंच की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे, पलंगाखाली जातं, आणि बाहेर पट्ट्यावर असताना आपण शेजारी आहोत म्हणून तिथेही करत नाही. कान मागे, नजर चुकवलेली, अंग चोरलेलं असा जो ‘अपराधी चेहरा’ दिसतो, ती आपल्या आवाजाची आणि आविर्भावाची भीती असते.

पुसतानाही पद्धत लागते. आधी जुना कपडा किंवा कागदी रुमाल दाबून ओल टिपायची. घासली की ती गालिच्यात आणखी खोल जाते. मग प्राण्यांच्या लघवीसाठी मिळतं ते एन्झाइमयुक्त क्लीनर, डाग जेवढा दिसतो त्याहून जरा मोठ्या भागावर ओतून, बाटलीवर लिहिलेला वेळ पूर्ण मुरू द्यायचं. सुगंधी फिनाइलने वास आपल्यापुरता झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला तो येतच राहतो. अमोनिया असलेलं क्लीनर तर नकोच, लघवीलाही तोच वास असतो.

क्रेट इतका मोठा हवा की पिल्लू उभं राहू शकेल, वळू शकेल, पाय पसरून झोपू शकेल. त्याहून मोठा नको, नाहीतर एका कोपऱ्यात झोप आणि दुसऱ्यात शू असा संसार सुरू होतो. मोठा क्रेट घेतला असेल तर मध्ये पार्टिशन घालावं. पहिले काही दिवस दार उघडंच ठेवून आत खायला द्यावं, मग दार काही सेकंद लावावं, मग काही मिनिटं. शिक्षा म्हणून क्रेटमध्ये कधीही कोंडू नये. रात्री क्रेट आपल्या पलंगाला लागून ठेवावा, म्हणजे कुईकुई ऐकू येते आणि पिल्लू एकटंही पडत नाही. शेवटचं खाणं झोपेच्या तीन तास आधी; पाणी मात्र तोडू नये. दोन महिन्यांच्या पिल्लाला रात्री एकदा-दोनदा न्यावंच लागतं. दिवा मंद, बोलणं नाही, खेळ नाही, शू झाली की परत आत.

काही शू शिकवण्याच्या कक्षेत येतच नाही. कोणी आल्यावर पिल्लू कान पाडून, अंग खाली घेऊन थोडीशी शू करतं, ती नम्रपणाची किंवा आनंदाच्या भरातली असते. रागावलं तर वाढते. पाहुण्यांनी त्याच्याकडे न बघता, बाजूला वळून, खाली बसून हात खालून पुढे करावा. डोक्यावरून वाकू नये. वयाबरोबर ती बहुधा जाते. पण थोडी थोडी आणि वारंवार शू, कुंथणं, रक्त, झोपेत गळणं, किंवा नीट शिकलेल्या पिल्लाने अचानक घरात करायला लागणं, यातलं काही दिसलं तर आधी डॉक्टर, मग शिकवणं. तेव्हाही वही सोबत न्यावी. ‘दिवसातून किती वेळा?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो.

चावण्याचा प्रश्न येतो तेव्हा वहीतला एक वेगळाच रकाना महत्त्वाचा ठरतो: झोप. पिल्लाला दिवसाच्या चोवीस तासांत अठरा ते वीस तास झोप लागते. संध्याकाळी वेड लागल्यासारखं पळणारं, पायजमा ओढणारं, हाताला कडकडून चावणारं पिल्लू पुष्कळदा दमलेलं असतं, आणि घरचे लोक त्याची ‘ऊर्जा घालवायला’ त्याला आणखी खेळवतात. पान उलटून बघा, दुपारपासून ते नीट झोपलेलंच नसतं. साधारण तासभर जागं राहणं, मग शू, मग शांत कोपऱ्यात झोप, हा क्रम धरला की निम्मं चावणं कमी होताना दिसतं.

उरलेलं दातांचं. दुधाचे २८ दात साधारण तीन-साडेतीन महिन्यांपासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के ४२ येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात. ओला कपडा पिळून, गाठ मारून, फ्रीजरमध्ये गोठवून चघळायला द्यावा, आपण समोर बसून. चघळायच्या वस्तूत अंगठ्याचं नख रुतलं पाहिजे. रुतत नसेल तर ती दात मोडण्याइतकी कडक आहे. हात तोंडात असताना झटक्याने ओढला की पळत्या शिकारीसारखा वाटतो आणि पिल्लू आणखी जोराने धरतं. हात ढिला सोडायचा, दुसऱ्या हाताने खेळणं तोंडात द्यायचं. तरी चावलं तर काही न बोलता बेबी गेटच्या (दारात लावायच्या बुटक्या फाटकाच्या) पलीकडे वीस-तीस सेकंद जायचं आणि परत यायचं. ‘आई गं’ असं ओरडण्याने काही पिल्लं थांबतात, काही अधिकच पेटतात. तुमचं कोणतं ते दोन वेळांत कळेल. तोंड दाबून धरणं, नाकावर मारणं यातून पुढे हाताची भीती येते, आणि घाबरलेला कुत्रा खरोखरचा चावतो. वायरी, औषधं, चॉकलेट, द्राक्षं-बेदाणे, कांदा-लसूण आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) असलेले गोड पदार्थ उंचावर किंवा बंद कपाटात. यात शिकवण्यावर विसंबू नये.

खाताना गुरगुरलं तर भांड्यात हात घालून ‘सवय लावण्याचा’ प्रयोग करू नका. पिल्लाचा संशय त्याने खरा ठरतो. उलट भांड्याजवळून जाताना, त्याचं अंग ताठ होणार नाही इतक्या अंतरावरून, जास्त आवडीचा तुकडा टाकून पुढे निघून जावं. काही दिवसांत पिल्लू आपल्याला येताना पाहून मान वर करून वाट बघायला लागतं. तोंडातली वस्तू काढायची असेल तर बदल्यात काहीतरी द्यावं. गुरगुरण्यावर मात्र रागावू नये. ती सूचना आहे. ती दाबली तर कुत्रा पुढे सूचनेशिवाय चावतो.

एकटं राहणंही सेकंदांपासून सुरू होतं: दाराबाहेर पाच सेकंद, आत, काही कौतुक नाही, मग दहा, तीस, दोन मिनिटं. रडायला लागण्याच्या आधी परत यायचं. रडलं म्हणजे पायरी मोठी पडली, पुढच्या वेळी निम्म्या वेळातच परत यावं.

मोकळीक एकेका खोलीने वाढवावी. सलग दोन आठवडे घरात काही झालं नाही, की पुढच्या खोलीचं दार उघडायचं. आणि सहा ते नऊ महिन्यांत, सगळं जमलं असं वाटत असताना, काही पिल्लं पुन्हा घरात करतात. नर पाय वर करून सोफ्याच्या कडेला, दाराच्या चौकटीला थोडी थोडी शू मारतात. ही वयात येण्याची खूण आहे. नसबंदी कधी करावी ते डॉक्टरांशी बोलून जात आणि आकारमान बघून ठरवावं. तोवर त्या जागा एन्झाइमने धुवाव्यात, उघडलेल्या खोल्यांतली एक-दोन दारं पुन्हा बंद करावीत आणि आठवडाभर पिल्लू तीन महिन्यांचं असल्यासारखं दर दोन तासांनी बाहेर न्यावं, खाऊ खिशात ठेवून.